उदासिनीकरणाचे रसायन आणि भारतातील आम्ल व चोपण जमिनी

आम्ल आणि आम्लारी यांची परस्परांशी अभिक्रिया होऊन क्षार व पाणी तयार होते, ही उदासिनीकरणाची व्याख्या शालेय विज्ञानातून सर्वांच्या परिचयाची आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ती सामान्य विज्ञानाच्या घटकात पाठ केली जाते, तर भूसुधारणा, खत अनुदान आणि मृद आरोग्य पत्रिका हे विषय कृषी व अर्थव्यवस्थेच्या घटकात स्वतंत्रपणे अभ्यासले जातात. वस्तुतः या दोन्ही घटकांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. देशातील काही कोटी हेक्टर जमिनीची उत्पादकता या एका अभिक्रियेशी आणि तिच्या उपप्रकारांशी निगडित आहे.

या संदर्भात एक विसंगती प्रथमच नोंदविणे आवश्यक आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास आम्ल जमीन सुधारणे हे तुलनेने सोपे काम आहे. बारीक केलेली चुनखडी मातीत मिसळली की आम्लता कमी होऊ लागते. चोपण जमीन सुधारणे मात्र कठीण, खर्चिक आणि पाण्यावर अवलंबून असलेले काम आहे. असे असूनही गेल्या पाच दशकांत पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील चोपण जमिनी फार मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली आल्या, तर पूर्व आणि ईशान्य भारतातील आम्ल जमिनींना चुना देण्याचे काम बव्हंशी प्रात्यक्षिकांच्या पलीकडे गेले नाही. सोपे काम मागे का राहिले, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी रसायनात आणि बरेचसे अर्थकारणात आहे.

अभिक्रियेचे स्वरूप

स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या सिद्धान्तानुसार पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्लारी होय. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीस अल्क असे म्हणतात. आम्ल व अल्क एकत्र आले की हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचा संयोग होऊन पाणी बनते. उरलेले आयन द्रावणात क्षाराच्या रूपाने राहतात. प्रबळ आम्ल व प्रबळ अल्क यांची कोणतीही जोडी घेतली तरी विरल द्रावणात एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आम्ले आणि अल्के वेगवेगळी असतानाही उष्णता जवळजवळ सारखीच का, याचे कारण हेच की प्रत्यक्ष घडणारी अभिक्रिया प्रत्येक वेळी एकच असते. १९२३ मध्ये ब्रॉनस्टेड आणि लाउरी यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना अधिक व्यापक केली. त्यांच्या मते प्रोटॉन देणारे ते आम्ल आणि प्रोटॉन स्वीकारणारी ती आम्लारी. ही व्यापक व्याख्या मातीच्या संदर्भात विशेष उपयुक्त ठरते, कारण चुनखडीत हायड्रॉक्साइड नसतो. तिच्यातील कार्बोनेट आयन प्रोटॉन स्वीकारतो आणि त्यातून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात.

हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील पुस्तके वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी परिभाषेबाबत सावध राहावे. हिंदीत ‘क्षार’ अथवा ‘क्षारक’ हा शब्द आम्लारीसाठी आणि ‘लवण’ हा शब्द अभिक्रियेतून तयार होणाऱ्या पदार्थासाठी वापरतात. मराठीत मात्र त्या पदार्थालाच क्षार म्हणतात. शेतीच्या व्यवहारात ‘क्षारपड’ हा शब्द तर खारवट आणि चोपण अशा दोन्ही जमिनींना सरसकट लावला जातो. या दोन जमिनींचे रसायन वेगळे असून त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

आम्लतेचे मोजमाप सामू म्हणजेच पीएच या एककाने होते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. ७ हा सामू उदासीन, त्याखालील आम्लधर्मी आणि त्यावरील अल्कधर्मी. मोजपट्टी लॉगरिथमवर आधारलेली असल्याने ५ सामू असलेल्या द्रावणात ६ सामू असलेल्या द्रावणाच्या दहापट हायड्रोजन आयन असतात. उदासिनीकरण पूर्ण झाले म्हणजे सामू ७ झालाच पाहिजे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तसे केवळ प्रबळ आम्ल व प्रबळ अल्क यांच्या बाबतीत घडते. सौम्य आम्ल आणि प्रबळ अल्क यांपासून बनलेला क्षार पाण्यात अल्कधर्मी ठरतो; धुण्याचा सोडा म्हणजेच सोडिअम कार्बोनेट हे त्याचे परिचित उदाहरण होय. याउलट अमोनिअम सल्फेटचे द्रावण किंचित आम्लधर्मी असते. भारतातील चोपण जमिनींचा प्रश्न धुण्याच्या सोड्याच्या याच गुणधर्मातून उद्भवतो.

माती म्हणजे परीक्षानळी नव्हे

प्रयोगशाळेत आम्लाच्या द्रावणात अल्काचे थेंब मोजून टाकता येतात आणि दर्शकाचा रंग बदलताच थांबता येते. मातीच्या बाबतीत हा हिशेब किती फसवा ठरतो, हे एका साध्या आकडेमोडीवरून स्पष्ट होते. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २२ लाख ४० हजार किलोग्रॅम धरले जाते. तीत २० टक्के ओलावा आहे असे मानल्यास पाणी सुमारे ४ लाख ४८ हजार लिटर होते. या पाण्याचा सामू ५ असेल, तर दर लिटरमागे एका मोलचा एक लाखावा भाग हायड्रोजन आयन, म्हणजे संपूर्ण हेक्टरात जेमतेम साडेचार मोल भरतात. ते उदासीन करण्यास सुमारे २२५ ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट पुरेसे आहे. प्रत्यक्षात मात्र अशा जमिनीसाठी हेक्टरी दोन ते चार टन चुनखडीची शिफारस केली जाते. म्हणजे गरज कागदावरील हिशेबाच्या सुमारे दहा हजारपट निघते.

हा फरक मातीच्या घडणीमुळे पडतो. चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यांच्या पृष्ठभागाला हायड्रोजन व ॲल्युमिनिअमचे आयन चिकटलेले असतात. मातीतील पाण्यात मुक्त असलेले हायड्रोजन आयन म्हणजे सक्रिय आम्लता, तर कणांना चिकटलेला साठा म्हणजे राखीव आम्लता. पाण्यातील आयन उदासीन झाले की साठ्यातून नवे आयन पाण्यात उतरतात आणि सामू पुन्हा पूर्वीच्या जागी येऊ पाहतो. या प्रतिरोधाला बफर क्षमता म्हणतात. राखीव आम्लता दर १०० ग्रॅम मातीमागे केवळ १ मिलिइक्विव्हॅलंट असली तरी ती नाहीशी करण्यास हेक्टरी सुमारे १,१२० किलो कॅल्शिअम कार्बोनेट लागते. त्यामुळे सामू समान असूनही वाळूसर जमिनीला थोडा आणि भारी अथवा सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध जमिनीला पुष्कळ चुना द्यावा लागतो.

ॲल्युमिनिअमची भूमिका येथे निर्णायक आहे. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतील खनिजांतून ॲल्युमिनिअमचे आयन मोकळे होऊ लागतात. पाण्याशी त्यांची अभिक्रिया होऊन आणखी हायड्रोजन आयन निर्माण होतात, त्यामुळे आम्लतेत भर पडते. शिवाय हे आयन मुळांच्या टोकांना थेट विषारी ठरतात. मुळे आखूड व जाड होतात आणि खालच्या थरातील ओलाव्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. चुना दिल्यावर ॲल्युमिनिअमचे रूपांतर न विरघळणाऱ्या हायड्रॉक्साइडमध्ये होते आणि कणांवरची त्याची जागा कॅल्शिअम घेते. चुन्यामुळे होणाऱ्या लाभाचा मोठा भाग ‘सामू वाढला’ यापेक्षा ‘ॲल्युमिनिअम निष्प्रभ झाले’ यात सामावलेला असतो. म्हणूनच जमिनीचा सामू ७ पर्यंत नेण्याचा आग्रह शास्त्रीयदृष्ट्या अनावश्यक आणि आर्थिकदृष्ट्या तोट्याचा आहे.

आम्ल जमिनी: विस्तार आणि कारणे

देशात ६.५ पेक्षा कमी सामू असलेल्या जमिनींचे क्षेत्र सुमारे ४ कोटी ९० लाख हेक्टर असून त्यांपैकी सुमारे २ कोटी ६० लाख हेक्टरांवर सामू ५.६ हूनही कमी असल्याचा अंदाज दीर्घकाळ वापरला जात आहे. अवनत जमिनींच्या २०१० मधील एकत्रित आकडेवारीत मात्र आम्ल जमिनी सुमारे १ कोटी ७९ लाख हेक्टर दाखविल्या आहेत. या आकडेवारीत ५.५ पेक्षा कमी सामू असलेल्या जमिनीच मोजल्या आहेत. आकडा उद्धृत करताना मर्यादा-सामू सोबत दिला नाही, तर तो आकडा निरर्थक ठरतो.

ईशान्येकडील राज्ये, पश्चिम बंगालचा काही भाग, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, केरळ आणि हिमालयाच्या उतारांवरील प्रदेश हे आम्ल जमिनींचे प्रमुख पट्टे होत. महाराष्ट्रात रत्नागिरी व सिंधुदुर्गची जांभी जमीन आणि तिला लागून असलेला गोव्याचा प्रदेश याच गटात मोडतात. मुसळधार पावसाने कॅल्शिअम, मॅग्नेशिअम यांसारखी मूलद्रव्ये वाहून जाणे आणि त्यांची जागा हायड्रोजन व ॲल्युमिनिअमने घेणे हे त्याचे नैसर्गिक कारण आहे. केरळातील कुट्टनाडमध्ये, जेथे समुद्रसपाटीच्या खाली भातशेती केली जाते, कारण वेगळे आहे. तेथील ‘कारी’ जमिनीत पायराइट म्हणजे लोहाचे सल्फाइड असते. पाण्याखाली असेपर्यंत ते निरुपद्रवी राहते. पाणी उपसून जमीन उघडी पडताच हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते आणि सामू ४ च्याही खाली उतरू शकतो. चुना देणे आणि गोड्या पाण्याने आम्ल धुऊन काढणे हे तेथील लागवडीचे नित्याचे अंग आहे.

मानवनिर्मित कारणांत अमोनिअमयुक्त नत्र खतांचा वाटा मोठा आहे. मातीतील जीवाणू अमोनिअमचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात तेव्हा प्रत्येक अमोनिअम आयनामागे दोन हायड्रोजन आयन मुक्त होतात. १०० किलो अमोनिअम सल्फेटमुळे होणाऱ्या आम्लतेच्या निवारणास सुमारे ११० किलो आणि १०० किलो युरियासाठी सुमारे ८० किलो कॅल्शिअम कार्बोनेट लागते, असे पाठ्यपुस्तकीय प्रमाण आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे आम्ल आपोआप शोषले जाते. आधीच आम्ल असलेल्या जमिनीत तसे होत नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या दीर्घकालीन खत प्रयोगांनी हे नि:संदिग्धपणे दाखवून दिले आहे. हिमाचल प्रदेशातील पालमपूर आणि झारखंडमधील रांची येथे १९७२ पासून चाललेल्या प्रयोगांत ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे केवळ नत्र खत दिले गेले, तेथील उत्पादन ढासळत जाऊन पालमपूरला ते अखेर शून्यावर आले. नत्र, स्फुरद व पालाश यांच्यासोबत चुना अथवा शेणखत दिलेल्या वाफ्यांत मात्र उत्पादन टिकून राहिले. युरियाची विक्री किंमत नियंत्रित ठेवून त्यावर भरघोस अनुदान द्यावयाचे आणि त्या युरियातून निर्माण होणारी आम्लता घालविणाऱ्या चुन्याचा खर्च शेतकऱ्यावर सोडावयाचा, ही धोरणातील एक न बोलली जाणारी त्रुटी आहे. २०१० पासून लागू झालेल्या पोषणमूल्याधारित अनुदान योजनेतही चुन्याचा अंतर्भाव नाही.

आम्ल जमिनीत स्फुरद लोह व ॲल्युमिनिअमशी बांधला जातो. सुपर फॉस्फेटवर केलेल्या खर्चाचा मोठा भाग त्यामुळे पिकापर्यंत पोहोचतच नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील ऱ्हायझोबियम जीवाणूंनाही आम्लता सोसत नाही. आम्लतेचा एक फायदाही आहे. मसुरी किंवा पुरुलिया येथील हलक्या प्रतीचे रॉक फॉस्फेट सामान्य जमिनीत निरुपयोगी ठरते, ते आम्ल जमिनीत हळूहळू विरघळून पिकाला मिळते. तसेच आसामातील चहाला ४.५ ते ५.५ एवढा सामूच मानवतो. तेथे चुन्याचा अतिरेक हानिकारक होईल.

चोपण जमीन आणि जिप्समचे कार्य

उत्तर भारतात ‘ऊसर’ अथवा ‘कल्लर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चोपण जमिनीचा सामू ८.५ पेक्षा अधिक, अनेकदा १० पर्यंत असतो आणि चिकणमातीच्या कणांवरील एकूण धनभारित आयनांपैकी १५ टक्क्यांहून अधिक वाटा सोडिअमचा असतो. सोडिअममुळे कण एकमेकांपासून सुटतात, मातीची छिद्रे बुजतात. पावसाळ्यात पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात पृष्ठभाग दगडासारखा होतो. देशातील सुमारे ६७ लाख ३० हजार हेक्टर क्षारबाधित जमिनींपैकी सुमारे ३७ लाख ७० हजार हेक्टर चोपण व उर्वरित खारवट आहेत. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सोडिअमचा हाच दोष आढळतो.

अल्कता आहे म्हणून आम्ल घालावे, हा पहिला विचार चुकीचा नाही. परंतु प्रचलित उपाय जिप्समचा आहे आणि जिप्सम हे आम्ल नव्हे. ते गंधकाम्ल आणि कॅल्शिअम यांचा जवळजवळ उदासीन क्षार आहे. त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. मातीतील सोडिअम कार्बोनेटशी त्याची अभिक्रिया होऊन न विरघळणारे कॅल्शिअम कार्बोनेट आणि विद्राव्य सोडिअम सल्फेट बनते. अल्कतेचे मूळ असलेला कार्बोनेट अशा रीतीने द्रावणातून बाहेर पडतो आणि सामू उतरतो. दुसरीकडे, कणांवरील सोडिअमची जागा कॅल्शिअम घेते आणि मोकळा झालेला सोडिअम सल्फेट पाण्याबरोबर खाली जातो. काटेकोर अर्थाने हे उदासिनीकरण नसून आयन-विनिमय आणि अवक्षेपण आहे. त्याच कारणाने जिप्सममध्ये कॅल्शिअम असूनही ते आम्ल जमिनीचा सामू वाढवू शकत नाही, कारण त्यातील सल्फेट आयन प्रोटॉन स्वीकारण्यास जवळजवळ असमर्थ असतो. चुना कोठे आणि जिप्सम कोठे, हा प्रश्न परीक्षेत वारंवार चुकतो तो हे कारण न समजल्यामुळे.

चोपण जमिनीत बहुधा चुनखडीचे खडे आधीच असतात. परंतु उच्च सामूमुळे ते विरघळत नाहीत. त्यातील कॅल्शिअम मोकळे करण्यासाठी मात्र खरोखरीच आम्ल लागते. गंधक, पायराइट, साखर कारखान्यातील प्रेसमड, धैंचाचे हिरवळीचे खत हे पदार्थ मातीत आम्ल निर्माण करून हेच साधतात. बिहारमधील अमझोर येथील पायराइट यासाठी पूर्वी वापरले जाई. कुट्टनाडमध्ये जे खनिज पिकाचा घात करते, तेच गंगेच्या मैदानात औषध म्हणून उपयोगी पडले.

जिप्समची मात्रा हेक्टरी साधारणतः १० ते १५ टन असते. एक लिटर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅमच विरघळते, त्यामुळे शेताला बांध घालून, जमीन समपातळीत आणून काही दिवस पाणी साठवून ठेवावे लागते आणि निघालेले क्षार वाहून जाण्यासाठी निचऱ्याची सोय लागते. यानंतरचे पहिले पीक भाताचे घेतले जाते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्थेने ही संपूर्ण पद्धती सिद्ध केली आणि सीएसआर मालिकेतील सहनशील भातवाणही दिले.

भातच का, याचे उत्तरही आम्ल-आम्लारीच्या रसायनात आहे. पाण्याखालील मातीत मुळांच्या व जीवाणूंच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याचे कार्बोनिक आम्ल बनते आणि चोपण जमिनीचा सामू खाली येतो. आम्ल जमिनीत नेमके उलट घडते: ऑक्सिजनअभावी लोहाच्या ऑक्साइडचे क्षपण होताना हायड्रोजन आयन खर्ची पडतात आणि काही आठवड्यांत सामू ६.५ च्या आसपास पोहोचतो. दोन्ही बाजूंनी माती उदासीनतेकडे सरकते. आम्लतेच्या बाबतीत मात्र हा निसर्गदत्त उपाय दिशाभूल करणारा ठरतो. ओडिशा अथवा आसामच्या सखल शेतात खरिपाचा भात बरा येतो, म्हणून जमिनीत दोष आहे हे शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही; पाणी ओसरून आम्लता परतते आणि तिचा फटका मागाहून पेरलेल्या मसूर, वाटाणा किंवा मोहरीला बसतो. झारखंडमध्ये ‘दोन’ म्हणजे सखल जमिनीपेक्षा ‘टांड’ म्हणजे उंचवट्यावरील जमिनीत हा प्रश्न अधिक तीव्र असण्याचे हेही एक कारण आहे.

सुधारणेचे अर्थकारण

चोपण जमीन ओसाड असते. पांढऱ्या पडलेल्या शेतात दुसऱ्याच वर्षी भात आणि गहू उभा राहिला की परिणाम डोळ्यांना दिसतो. आम्ल जमिनीत पीक येतच असते. चुन्याने ते वाढते, परंतु वाढ चांगल्या पावसामुळे, नव्या बियाण्यामुळे की चुन्यामुळे झाली हे सांगणे शेतकऱ्याला कठीण जाते. ज्या निविष्ठेचा लाभ ओळखू येत नाही, तिची मागणी निर्माण होत नाही.

दुसरा भेद बाजारपेठेचा. पंजाब व हरियाणात सुधारलेल्या जमिनीतून येणाऱ्या भाताला आणि गव्हाला हमीभावाने खरेदीची शाश्वती होती आणि क्षार धुऊन काढण्यास कूपनलिकांचे पाणी होते. जिप्समच्या किमतीवर सवलत मिळताच शेतकऱ्यांनी स्वतःची गुंतवणूक केली. उत्तर प्रदेशात ओसाड तुकडे बहुधा अल्पभूधारकांकडे होते. तेथे भूमी सुधार निगमने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९३ पासून तीन टप्प्यांत प्रकल्प राबविला आणि गावपातळीवरील समित्यांमार्फत जिप्सम, कूपनलिका व निचऱ्याचे नाले एकत्रितपणे उपलब्ध करून दिले. नाला हा कोणा एका शेतकऱ्याला खोदता येत नाही, त्यामुळे सामूहिक यंत्रणा अपरिहार्यच होती. आम्ल जमिनीत चुना एकट्यानेही टाकता येतो. नेमक्या या सोयीमुळे तेथे अशी कोणतीही यंत्रणा उभी राहिली नाही, असे म्हणावे लागेल. शिवाय तेथे चुन्याला उत्तम प्रतिसाद देणारी पिके म्हणजे तूर, मसूर, भुईमूग, सोयाबीन आणि मका. यांपैकी कडधान्ये व तेलबियांची खरेदीव्यवस्था पूर्व भारतात क्षीण राहिली आहे. डाळी आणि खाद्यतेल यांची आयात करणाऱ्या देशाने या जमिनींकडे दुर्लक्ष करावे, हे शोचनीय आहे.

तिसरा मुद्दा काळाचा. जिप्समचा उपचार सिंचनाचे पाणी चांगले असल्यास बहुधा एकदाच करावा लागतो. चुन्याचा परिणाम पावसाने पुन्हा ओसरतो आणि तीन ते पाच वर्षांनी मात्रा द्यावी लागते. हेक्टरी दोन-चार टन चुना ही भांडवली गुंतवणूक ठरते आणि तिचे फळ अनेक हंगामांत विखुरलेले असते. तोंडी कराराने जमीन कसणारा बटाईदार किंवा झूम पद्धतीत दर काही वर्षांनी शेत बदलणारे कुटुंब ती करणार नाही. येथे कृषी संशोधकांनी सुचविलेला पर्याय महत्त्वाचा आहे. संपूर्ण शेतात चुना पसरण्याऐवजी दर हंगामी पेरणीच्या सऱ्यांत हेक्टरी केवळ २ ते ४ क्विंटल चुना द्यावयाचा. मुळांच्या लगतची माती तेवढी सुधारते, बाकीचे शेत आम्लच राहते. तरीही शिफारशीत खतांसोबत उत्पादनात चांगली वाढ मिळते. त्यामुळे चुना हा बियाण्यासारखा हंगामी खर्च बनतो आणि ज्या हंगामात खर्च त्याच हंगामात उत्पन्न, असा हिशेब बटाईदारालाही जुळवता येतो. शास्त्रीयदृष्ट्या अपुरा वाटणारा उपाय आर्थिकदृष्ट्या श्रेष्ठ ठरण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि, २ क्विंटल चुनाही शेतापर्यंत पोहोचावा लागतो. चुना हा वजनाने जड आणि किमतीने हलका माल आहे. डोंगराळ भागात वाहतूक खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो आणि नफा नगण्य असल्याने खत विक्रेता तो दुकानात ठेवत नाही. मेघालयात चुनखडीचे विपुल साठे आहेत. त्यांतील दगड सिमेंट कारखान्यांना आणि वाहक पट्ट्याने सीमेपलीकडे बांगलादेशातील छातक येथील कारखान्यालाही जातो, परंतु त्याच राज्यातील आम्ल शेतांना बारीक दळलेली चुनखडी सहज मिळत नाही. दळण बारीक असणे आवश्यक असते, कारण अभिक्रिया कणांच्या पृष्ठभागावर होते आणि जाड खडे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. पोलाद कारखान्यांतील अल्कधर्मी मळी म्हणजे बेसिक स्लॅग आणि कागद कारखान्यांतील चुनायुक्त गाळ हे स्वस्त पर्याय आहेत. भिलाई, राउरकेला, बोकारो व दुर्गापूर हे पोलाद कारखाने आम्ल जमिनींच्या पट्ट्यात अथवा त्याच्या सीमेवरच वसलेले आहेत. २००७ मधील राष्ट्रीय अन्न सुरक्षा अभियानापासून भूसुधारकांना काही अर्थसाहाय्य मिळत आले आहे. पुरवठ्याची साखळी मात्र त्यातून निर्माण झाली नाही.

जिप्समच्या बाजूचा पुरवठाही बदलत आहे. नैसर्गिक जिप्सम जवळजवळ सर्वस्वी राजस्थानातून येते. स्फुरदयुक्त खत कारखान्यांत रॉक फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया होताना फॉस्फोजिप्सम उपपदार्थ म्हणून मिळते; ओडिशातील पारादीप हे त्याचे एक मोठे केंद्र आहे. औष्णिक विद्युत केंद्रांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड चुनखडीने उदासीन केल्यासही जिप्समच हाती येते. डिसेंबर २०१५ मधील उत्सर्जन मानकांमुळे या स्रोतातून मोठा साठा मिळेल असे वाटत होते. जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या मानकांतून सूट दिली गेल्याने ती शक्यता बरीच आकुंचित झाली आहे.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बारा घटकांची तपासणी होते: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. सामूमुळे सक्रिय आम्लता कळते. चुन्याची गरज ठरविणारी राखीव आम्लता मोजण्यासाठी मातीचा नमुना बफर द्रावणात मिसळून त्या द्रावणाचा सामू किती उतरला हे पाहावे लागते. ही चाचणी सोपी व स्वस्त असून कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत ती नेहमी केली जाते. बारा घटकांत मात्र तिचा समावेश नाही.